‘बघूया’ म्हणजे पसंती नव्हे

वकीलकाका, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजवरून येताना मी त्या गळ-रॉडच्या दुकानापुढं थांबले. काचेवर तुमचा फोटो लावला होता. हातात आमिष म्हणून दोऱ्याला लावायचा तो निळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा खोटा मासा, आणि तुम्ही हसताय. फोटोभोवती झेंडूची माळ छापलेली. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली, श्रद्धांजलीपेक्षा मोठ्या अक्षरांत, ‘वकीलसाहेबांची शेवटची पसंती’. त्याच्याही खाली, माल मर्यादित आहे म्हणून.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तो अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय. असं काही कसं लिहितात ते मला नीट माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमच्याकडं गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, लिहीत नाहीत. चुकलं तर तुम्ही नेहमीसारखी पेन्सिलीनं खाली रेघ ओढाल असं धरून चालते.

पसंती. हा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकल्याचं आठवत नाही. तुमचा शब्द वेगळा होता आणि मला तो अजिबात आवडायचा नाही. ‘बघूया.’

तुम्ही निपाणीत आईच्या गल्लीतले. आई विड्या वळायची आणि तुम्ही त्याच गल्लीतून वकिलीपर्यंत गेलात. शहापुरात घर केलंत, आणि मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा वरची खोली मोकळी करून दिलीत. पहिल्या दिवशी परसात मला तो निळा ड्रम दिसला. आत पाणी, तळाशी न विरघळलेलं मीठ. मला वाटलं, एवढं कशाचं लोणचं घालतात ही माणसं. काकू म्हणाल्या, “लोणचं न्हाय गं. ह्यांचं दुसरं कोर्ट हाय ते.”

समुद्र आपल्यापासून घाटाखाली, त्यामुळं इथल्या हौशी लोकांची एक चूक ठरलेली, असं तुम्ही सांगायचा. समुद्रात टाकायचा मासा ते गावाकडच्या विहिरीत नाहीतर हिडकलच्या धरणात तपासतात आणि खूश होतात. गोड्या पाण्यात जो मध्येच जागेवर उभा राहतो, तो खाऱ्या पाण्यात वर उसळतो, कारण ते पाणीच जड. म्हणून तुम्ही काकूंच्या माहेराहून, शिरोड्याच्या बाजूच्या खाडीतून, कॅन भरून पाणी आणलंत. वाळू घातलेली एक बाटली त्यात किती बुडते तिथं रंगानं खूण केलीत. मग ड्रमात ती बाटली त्याच खुणेपर्यंत येईस्तोवर खडेमीठ ढवळत बसलात. किराणावाल्यानं विचारलं होतं, “साहेब, एवढं मीठ? कुणाला पुरूलालाय काय?” तुम्ही गंभीरपणे म्हणालात, “अजून न्हाय.”

तुमचा खांदा दुखायला लागल्यापासून रॉड माझ्या हातात आला. फेकायचं मी, बघायचं तुम्ही. आधी ड्रमात, मग खाडीत. नंतर बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या हौशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा शेरा. तो लिहायच्या आधी तुम्ही चष्मा काढून मला विचारायचा, “तुला काय वाटतं?” काका, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. शाळेत मला उत्तरं विचारली, घरात कामं सांगितली, पण मला काय वाटतं हे तुमच्याआधी कुणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा तर मला काही वाटतच नव्हतं. तुम्ही वाट बघत बसलात. मग काहीतरी वाटायला लागलं.

आणि वाटायला लागल्यावर मी भांडायला लागले.

तो निळ्या पाठीचा मासा तुमच्याकडं आला तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे खुशीत होता. दुकानदारानं तो इथल्याच औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचा साचा करून घेतला होता. बाहेरून आलेले मासे तपासता तपासता तुमची हयात गेली, आता हा आपल्या बेळगावचा. पाकिटावर लिहिलं होतं, ‘ओढणं थांबवलं की पाण्यात जागेवर स्थिर राहतो’. मालकांनी छाती पुढं काढून सांगितलं, “आमच्या विहिरीत बघितलोय साहेब. पुतळ्यागत हुबा ऱ्हातोय.” तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. विहिरीत.

ड्रमात तो उसळला. हळूहळू, पण वर आला. दुसरा कुणी असता तर तिथंच शेरा लिहून मोकळा झाला असता. तुम्ही मात्र त्याचे बारीक गळ काढून मोठे, जड गळ लावलेत. वजनानं तो मध्येच थांबला. तुमचा चेहरा असा उजळला की जणू तुमचा अशील जामिनावर सुटला.

त्या रविवारी खाडीवर ओहोटी नुकती लागली होती. काकू माहेरच्या धक्क्यावर चटई टाकून बसल्या होत्या. मालकांनी फोटो मागितलाय, काढ एक, असं तुम्ही म्हणालात आणि मासा हातात धरून उभे राहिलात. काकूंनी त्याच्याकडं बघितलं. मोठे गळ लोंबत होते, डोळे पिवळे. “ह्यो बघून खरा मासा हसूनच मरंल,” काकू म्हणाल्या. “गळ कशाला लावलाय?” तुम्ही हसलात. त्याच वेळी मी बटण दाबलं. काचेवर लागलाय तो हाच फोटो, काका. तेव्हा तो मासा पाण्यात एकदाही पडलेला नव्हता.

मग पडला. कांदळवनाच्या मुळांजवळ मी तो टाकला, दोनदा ओढला, थांबवला. थांबला. आणि मुळांतल्या तांबड्या मासळीनं, तांबोशीनं, असा झटका दिला की रॉड मुठीतून जायला आला. मोठी होती. तुम्ही “ढील दे, ढील दे” म्हणताय, मी देतेय, आणि एकाएकी तंगुसाचा दोरा हलका झाला. ओढून घेतलं तर खोटा मासा परत आला, पण पोटाला भोक. गळ अडकवायचं तारेचं नाकं मुळासकट उपटून गेलं होतं. तीन काट्यांचा गळ तोंडात घेऊन तांबोशी गेली.

तुम्ही त्या भोकात बोट घालून बघितलंत. मग विचारलंत, “आता ती खाणार कशी गं?”

परतताना आंबोलीला आपण चहाला थांबलो. मी तोवर गाडीत तोंड दाबून बसले होते.

“आज लिहा. खराब आहे म्हणून लिहा,” मी म्हटलं.

“खराब कोण? तो का मी? गळ मी बदलला.”

“आत तोंडापासून शेपटीपर्यंत आरपार तार न्हाय काका. नाकं नुसतं प्लास्टिकात खुपसलंय. तुम्ही पण बघितलं.”

“बघितलं. पण त्यानं बारीक गळ लावून दिलता. पाकिटातनं काढला तसा आपण समुद्रात टाकलाच न्हाय. माझी घाई झाली. त्याची बाजू ऐकायची ऱ्हायली.”

“म्हणजे बघूया.”

“बघूया.”

“आणि तोवर लोक घेतील, मोठे गळ लावतील, आणि तांबोश्या तोंडात गळ घेऊन हिंडतील.”

तुम्ही कपातला चहा बशीत ओतलात. म्हणालात, “न्हाय म्हणायला काय लागतंय? पण एकदा न्हाय म्हटलं की त्या माणसाचं कुणी ऐकून घेत न्हाय. आपल्या लोकांचं किती शतकं कुणी ऐकून घेतलं न्हाय, तुला सांगायला पायजे काय?”

तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं. “आपल्या लोकांना ‘न्हाय’ असं कुणी म्हटलंच न्हाय काका. ‘बघूया’ म्हणूनच दारात उभं केलं.”

तुमची बशी ओठाजवळ थांबली. रागावला नव्हता, ते मला कळलं. तुम्ही विचार करत होता. “ह्ये मातर...” एवढं म्हणालात. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “बसा गाडीत दोघंबी. अंधारायच्या आत घरी जाऊ. कोर्ट उद्या भरवा.”

ते कोर्ट भरलंच नाही. त्याच आठवड्यात तुम्ही कामावरून आलात, काळा कोट खुंटीला अडकवलात, आरामखुर्चीत बसलात आणि उठला नाहीत. ‘ह्ये मातर’च्या पुढं काय होतं? मी रोज जिन्यावरून खाली उतरताना त्या खुर्चीकडं बघते आणि हेच विचारते. चिडून विचारते. वाक्य पुरं करून जायचं होतंत.

काचेवरचा तो फोटो बघून मी तशीच दुकानात गेले. एरवी मी दुकानात बोलताना शब्द शोधते, तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी शोधावे लागले नाहीत.

“मालक, पसंती म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे बाळ? हसलेत की फोटोत.”

“तो पाण्यात टाकायच्या आधीचा फोटो आहे.”

“मग? आधी हसले आणि मागनं रडले व्हय?”

“नाकं उपटून आलं. मासा गळ घेऊन गेला.”

त्यांनी गल्ल्याचा खण लावून घेतला. मग म्हणाले, “साहेबांनी तसा शेरा दिलाय काय ग्रुपवर?”

“न्हाय.”

“मग.”

खरं सांगू का, त्या क्षणी मला त्यांच्यापेक्षा तुमचा जास्त राग आला. तुम्ही एक ओळ लिहिली असती तर कुणाला तुमच्या हसण्याचा अर्थ लावायची सोय राहिली नसती. तुमचा न्यायीपणा तुम्ही असेपर्यंत ठीक होता. तुम्ही गेलात आणि ती मोकळी जागा झाली, कुणीही येऊन आपली पाटी लावावी अशी.

मी निघताना ते मागून म्हणाले, “साहेबांचं नाव ऱ्हाईल की त्येनं. घरच्यांनी कुणी काय म्हटलं न्हाय. तू कोण गं, वरच्या खोलीतली?”

हेही लिहायला हवं की तुमच्या कार्यक्रमात त्रिशरण चालू असताना तो माणूस खरोखर रडत होता. मी शेजारच्याच रांगेत होते. ते रडणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशीची पाटीही त्याच माणसानं लावली. ही दोन्ही एका माणसात कशी राहतात हे मला अजून समजत नाही. तुम्ही समजावून सांगितलं असतंत.

घरी आले. काकू परसात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“हसले ते माझ्या बोलण्याला,” त्या म्हणाल्या. “ते पण विकलं व्हय त्यानं?”

वाटेत फोनवर आई म्हणाली होती, “मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालत्यात? शोभतं काय?” पण काकूंचं दुःख त्याच्याही पलीकडचं होतं. तुमचं शेवटचं मोकळं हसणं त्यांचं होतं, दोघांतलं, आणि ते आता बाजारात काचेवर होतं.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, “ह्यांचं काय ऱ्हायलं होतं बघायचं?”

“पाकिटातनं काढला तसा, बारीक गळानं, खाडीत टाकायचा होता.”

“हाय दुसरा?”

मालकांनी जोडी दिली होती. दुसरा तुमच्या टेबलाच्या खणात न उघडलेल्या पाकिटात होता.

“मग शनवारी जाऊ,” काकू म्हणाल्या. ज्या बाईनं इतकी वर्षं ‘बाजारात मिळतोय की मासा, त्याला काठी कशाला’ म्हणून तुम्हाला हैराण केलं, ती. मी त्यांच्याकडं बघत राहिले. “काय बघूलालीस? मला टाकायला येत न्हाय. बघायला येतंय.”

एसटीत कंडक्टरनं रॉडच्या पिशवीकडं बघून विचारलं, “पडद्याची काठी काय हो मावशी?” काकू म्हणाल्या, “व्हय, लई मोठी खिडकी हाय.” तुम्ही असता तर सावंतवाडीपर्यंत हसला असता.

धक्क्यावर काकू बरोबर तुम्ही उभे राहायचा तिथं उभ्या राहिल्या, हात मागं बांधून. त्यांना ते कळलंही नसेल. मी मासा पाण्यात सोडला. खोटं लिहीत नाही काका, तो तुटावा असं मला वाटत होतं. माझ्या नजरेसमोर मोडावा, नाकं उपटावं, आणि तुकडे घेऊन मी दुकानात जावं. मी रागानंच टाकत होते, त्यामुळं पहिल्या काही फेकी कुठंही पडल्या. काकू म्हणाल्या, “तुझे काका असं टाकायचे व्हय? हे तर हळू टाकायचे.” मग मी हळू टाकला.

मुळांजवळ पडला. ओढला, थांबवला. ड्रमात पहिला आला होता तसाच हाही वर यायला लागला. पाकिटावरचं खोटं ठरलं, म्हणून मला मनातून आनंद झाला. आणि तो वर येत असतानाच खालून तांबोशीनं त्याला धरलं.

लहान होती. मी घाबरून ओढतेय, काकू मागून म्हणतायत, “ढील दे गं, तुटंल.” कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी. ती काठाशी आली. नाकं टिकलं होतं. काकूंनी हात ओले केले, तिला धरलं, गळ अलगद सोडवला. “पोरगं हाय अजून,” म्हणाल्या आणि पाण्यात सोडून दिली. ती गेली तशा त्या ओल्या हातांनी तिथंच खाली बसल्या. मीही बसले. तुम्ही गेल्यानंतर आम्ही दोघी एकत्र रडलो त्या तिथं, आणि त्याआधी नाही.

तुम्ही बरोबर होता. त्याची बाजू होती. वर उसळणाराही मासा मासे धरतो, हे तुमच्या त्या ‘बघूया’शिवाय कळलं नसतं. मला हे आवडलं नाही, पण लिहायला हवं.

पण माझंही चूक नव्हतं. म्हणून परतीच्या एसटीत मी शेरा लिहिला. काकूंना वाचून दाखवला आणि ग्रुपवर टाकला.

‘हा मासा खाऱ्या पाण्यात स्थिर राहत नाही, वर येतो. पाकिटावरचा मजकूर विहिरीपुरता खरा आहे. वर येतानाही त्यानं तांबोशी घेतली, आणि लहान माशाला मूळ गळ पुरतो. तो जागेवर थांबवण्यासाठी जड गळ लावले तेव्हा मोठ्या तांबोशीनं नाकं उपटलं आणि ती गळासकट गेली. आत आरपार तार बसवेपर्यंत हा खाडीत वापरू नये. वकीलसाहेबांनी यावर निकाल दिला नव्हता. ते आणखी एकदा बघणार होते. वरचं मत माझं आहे.’

खाली माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आईवडिलांनी ठेवलेलं. पाठवायच्या खुणेवर बोट बराच वेळ नुसतंच राहिलं होतं. मग दाबलं.

कुणीतरी विचारलं, ही कोण? कुणीतरी लिहिलं, साहेबांच्या वरच्या खोलीत राहते ती. कुणी लिहिलं, गेलेल्या माणसावरून वाद नको. मी फोन उलटा ठेवला. तेवढ्यात शेजारी काकूंनी पिशवीतून तुमचा फोन काढला. तो त्या रोज चार्ज करतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, बोलायचं कुठं दाबतात. मी दाखवलं.

ग्रुपवर तुमच्या नावानं आवाज गेला. “मी ह्यांची बायको बोलतेय. फोटोत हे माझ्या बोलण्याला हसलेत. तो फोटो काढा. पोरीनं लिहिलंय ते खरं हाय, मी हुबी होते तिथं.” मागं एसटीच्या इंजिनाचा आवाज.

रविवारी संध्याकाळी मालकांचा फोन आला. काचेवरचा फोटो काढला म्हणाले. पुढच्या साच्यात तार आरपार घालतो म्हणाले. जरा अडखळून, माझं चुकलं बाळ, असंही म्हणाले. मी ऐकून घेतलं. तुमच्याकडून शिकलेय तेवढं.

मग त्यांचा आवाज बदलला. “एक सांगू काय? तांबोशीसंगं तुझा फोटो काढलायस की न्हाय? नसला तर काढूया. पोरगी, हातात मासा, लई चालंल बघ. खाली लिहूया, वकीलसाहेबांची शिष्या. तार घातलेला माल आला की मग लावतो. घाई न्हाय. काय म्हणतीस?”

काका, तुमचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मोठ्या माणसांपुढं मला नेहमी तोच सोपा जातो. कुणी दुखावत नाही, दार बंद होत नाही, आणि आपण चांगले ठरतो. तुम्ही तो दुसऱ्याचं ऐकून घ्यायला वापरायचा. मी वापरला असता तर फक्त भीतीनं. आंबोलीच्या त्या बशीवरून तुम्ही काय म्हणणार होता मला कधीच कळणार नाही. म्हणून माझ्या बाजूनं जे होतं ते मी म्हटलं.

“न्हाय.”

“अगं विचार तरी कर की.”

“केला. न्हाय.”

मी फोन ठेवला. काकू परसाच्या दारात उभ्या होत्या.

“काय म्हणालीस त्याला?”

“न्हाय म्हटलं.”

“ह्यांना काय जमलं न्हाय बघ ते कधी,” काकू म्हणाल्या, आणि ड्रममधलं पाणी कमी झालंय का ते वाकून बघायला लागल्या. मग आत बघतच म्हणाल्या, “मीठ आणायला पायजे.”